लेंड्यांतून उगवलेलं बन

जिंतूर तालुक्यातल्या एका गावाच्या गायरानात बाभळीचं बन आहे. त्याला तारेचं कुंपण आहे, लोखंडी फाटक आहे आणि फाटकाशेजारी हिरव्या रंगाची पाटी आहे. बाभळीच्या दोन प्रकारांचा फार प्राचीन काळी झालेला संकर या झाडांमध्ये टिकून आहे, असं पाटीवरचं पहिलं वाक्य सांगतं. हे बन इथलं मूळचं आणि आपोआप वाढलेलं आहे, असं दुसरं. पहिलं खरं आहे. दुसरं खोटं आहे आणि ते माझ्यामुळे तिथं आलं. बन मी लावलं होतं. ज्या मुलीनं आपल्या प्रबंधात ते वाक्य लिहिलं तिचा मी मार्गदर्शक होतो. तिनं मला विचारलंही होतं.

सत्तरी कधीच ओलांडली आहे. दोन परिच्छेद लिहिले की पाठ भरून येते. मी उठतो, गच्चीवर जाऊन येतो, परत बसतो. बायको दारातून बघते. "एवढं काय लिहायलाव? पेन्शनचं कायी अडकलं का?" मी नाही म्हणतो. "मग राहू द्या की. आता कोण वाचायलंय?" ती म्हणते ते बरोबर असेल. तरी लिहितो.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी घरी बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. कॉलेजातली नोकरी अजून लागायची होती. झाडं लावण्याच्या एका सरकारी कामावर देखरेख करायला माणूस हवा होता, तिथं मी चिकटलो. मजूर मोजायचे, पाण्याची व्यवस्था बघायची, संध्याकाळी मिळेल त्या एसटीनं परत यायचं. त्या उन्हाळ्यात या गावाच्या गायरानावर बाभूळ पेरायची ठरली. माळ उघडा होता, मुरूम वर आलेला. मधे कुठे कुठे दोन-चार जुनी झाडं होती. बी जवळपासच्याच चांगल्या झाडांचं घ्यायचं, एवढी एकच सूचना वरून आली होती.

बाभळीचं बी टणक असतं. तसंच पेरलं तर वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं. पुस्तकात उपाय होता, उकळत्या पाण्यात टाकून ठेवा. आमच्याकडं कोणी तसं करत नाही. शेंगा शेळ्या-मेंढ्या खातात, बी त्यांच्या पोटातून जातं, वरचं कवच नरम होतं आणि लेंडीबरोबर बाहेर पडलेलं बी पहिल्या पावसाला तरारून येतं. म्हणून बाभूळ लावायची असली की माणसं झाडाकडं जात नाहीत, कोंडवाड्याकडं जातात. लेंड्या गोळा करतात आणि टाकतात.

मीही तेच केलं. फक्त गावातल्या शेळ्यांच्या लेंड्या पुरेनात. घरोघरी फिरून टोपलंभर मिळायच्या. त्याच सुमारास झरी गावाच्या बाजूला रस्त्याकडेच्या एका शेतात धनगरांचा वाडा उतरला होता. खत मिळावं म्हणून शेतकरी रानात मेंढ्या बसवतात, तशा बसवल्या होत्या. कोकरांच्या जाळीत लेंड्यांचा थर साचला होता आणि त्यात बाभळीचं बी चमकत होतं. मी म्हाताऱ्या धनगराला विचारलं.

"घिऊन जा की, मालक," तो म्हणाला. "निसती बाभूळच हाय त्याच्यात. दाणा कमी, काटा जास्ती."

शेतमालकाचीही हरकत नव्हती. आम्ही पोती भरून बैलगाडीवर घातली. मेंढ्या कुठून आल्या, शेंगा कुठल्या रानात खाल्ल्या, हे मी विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नाही. बाभूळ ती बाभूळ. बायका टोपल्या कमरेवर घेऊन गायरानात पसरल्या आणि मूठमूठ लेंड्या फेकत गेल्या. मागून एक गडी बी मातीत दडावं म्हणून काट्याचा फेसाटा, म्हणजे काटेरी फांद्यांचा भारा, ओढत गेला. ओळ नव्हती, खड्डा नव्हता. पाऊस बरा झाला आणि उगवलं.

नंतर मला परभणीत नोकरी लागली आणि मी ते विसरलो. अगदी विसरलो असं नाही. जिंतूरला जाताना एसटीच्या खिडकीतून हिरवं दिसायचं, बरं वाटायचं. बस्स, एवढंच.

ती मुलगी माझ्याकडं आली तेव्हा मी निवृत्तीला टेकलो होतो. पालमकडची. आई-बाप ऊसतोडीला जायचे. ही वसतिगृहात राहून शिकली होती. बोलायला फटकळ आणि कामाला खंबीर. पहिल्याच भेटीत तिनं सांगितलं की तिला बाभळीवर काम करायचंय. मी म्हणालो, बाभळीवर कशाला, काहीतरी औषधी घे, लोक विचारतात तरी. ती म्हणाली, "सर, औषधीवर सगळेच करायलेत. बाभळीला कोणी विचारत नाही, म्हणून तर."

तिचा प्रश्न साधा होता. आपल्याकडं गोडी बाभूळ आहे, छत्रीसारखी पसरणारी. आणि रामकाठी आहे, उभ्या खराट्यासारखी सरळ वर जाणारी. काही झाडं मात्र या दोन्हींच्या मधली दिसतात. ही मधली झाडं कालपरवाच्या संकरातली, की दोन्ही प्रकार फार पूर्वी कुठेतरी एकमेकांत मिसळले होते त्याची उरलेली खूण? झाडाच्या अंगावरून ते कळत नाही. डीएनएतल्या खुणांवरून कळतं. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना मार्करच म्हणायचो.

तिनं ते एकदा कॉलेजच्या शिपायाला समजावून सांगितलं, ते मला माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा बरं वाटलं. "मामा, दोन लुगडी घ्या, एक हिरवं, एक लाल. मोठे मोठे तुकडे कापून गोधडी शिवा. मग ती उसवा, तुकडे अजून कापा, परत शिवा. दर पिढीला झाड हेच करतं. तुकडे मोठे असले तर संकर नवा. पार बारीक झालेले असले तर जुना." शिवाय पानातलं हिरवं द्रव्य ज्यात असतं, त्या हरितलवकाचाही थोडा स्वतःचा डीएनए असतो आणि तो बहुतेक आईकडूनच येतो. म्हणजे बापाच्या खुणा एकीकडच्या आणि आईच्या दुसरीकडच्या निघाल्या, तर घराण्यात कधीतरी बाहेरची सून आली होती हे समजतं. शिपाई म्हणाला, "आमच्या भावकीत न्या हे मशिन, लय भानगडी निघतील."

बाभळीचं पान चिवट. डिंक आणि तुरटपणा एवढा की डीएनए काढायला जावं तर काकवीसारखा तपकिरी चिकट गोळा हातात येतो. पानं गोठवून कुटायला द्रव नायट्रोजन लागायचा. तो आमच्याकडं कुठला? जनावरांच्या दवाखान्यात, वळूचं वीर्य ठेवायला असतो, तिथून मागून आणायचो. तिथला माणूस दर वेळी विचारायचा, "सर, बाभळीलाबी इंजेक्शन द्यायलाव का काय?" वीज गेली की फ्रीजमधली महिन्याची मेहनत पाणी व्हायची. ती एकदाही रडली नाही. परत काटे टोचून घ्यायला जायची.

जिल्हाभर फिरून तिनं पानं आणली. मी दोन-तीनदाच बरोबर गेलो. गायरानातल्या बनात ती मला न सांगता गेली होती. नमुने परभणीत आले तेव्हा पिशवीवर गावाचं नाव वाचून मी काहीच बोललो नाही. तेव्हा बोलण्यासारखं काही नव्हतंही. बाकीच्या झाडांसारखी झाडं.

मग निकाल आले.

ती दुपारची माझ्या खोलीत आली. वीज नव्हती. हातपंख्यानं वारा घेत खुर्चीच्या कडेवर बसली. गायरानातल्या बनात दोन्ही बाभळींच्या खुणा होत्या आणि तुकडे पार बारीक झालेले होते. म्हणजे संकर फार जुना. शिवाय आईकडून येणारी जी खूण तिथल्या झाडांत होती, ती जिल्ह्यात दुसरीकडं कुठंच सापडली नव्हती.

"सर, याचे दोनच अर्थ होतात," ती म्हणाली. "एक तर ही इथली फार जुनी राहिलेली झाडं आहेत, बाकी सगळीकडची संपली. नाहीतर ही बाहेरून आलेली आहेत. गावातल्यांना विचारलं मी. ते म्हणतात, आपोआप आलंय, कोणी लावलं नाही, आज्याच्या काळापासून आहे. तुमचं काय मत? लावलेलं तर नसेल?"

मला सगळं आठवलं. टोपल्या, जाळी, म्हाताऱ्याचं बोलणं. क्षणही लागला नाही.

मी म्हणालो, "लावलेलं असतं तर ओळीत असतं. ओळी आहेत का?"

"नाहीत."

"मग?"

तिनं मान हलवली. ओळी नसल्याचा उल्लेख प्रबंधात आला आणि मार्गदर्शकाचा अनुभव म्हणून माझे आभारही आले.

का बोललो तसं, याचं उत्तर मी इतकी वर्षं वेगवेगळं दिलं आहे. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती, हे खरं. बाहेरून आलेली झाडं म्हटल्यावर प्रबंधाचा कणाच मोडला असता, हेही खरं. माझ्या उभ्या नोकरीत आमच्या विभागातून असं काही निघालं नव्हतं. आणि एक क्षुल्लक कारण, जे मला सगळ्यात जास्त खरं वाटतं. लोक हसले असते. प्राचीन बन शोधलं ते गुरुजींनीच लेंड्या फेकून लावलेलं! चहाच्या टपरीवर महिनाभर पुरलं असतं. त्या हसण्याची मला भीती वाटली. तिच्यासाठी गप्प बसलो असं म्हणणं सोपं आहे, आणि मी तसं म्हणतही आलो.

गावकरी खोटं का बोलले ते मला पुढे कळलं. झाडं सरकारनं लावली म्हटलं की गायरान सरकारच्या ताब्यात जाईल, कुंपण येईल, शेळ्या बंद होतील, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून आपोआप आलं म्हणाले. ते आपोआप आलं असं प्रबंधात ठरलं, दुर्मिळ बन म्हणून ते राखीव झालं, आणि म्हणूनच मग कुंपण आलं.

फाटक बसवलं त्या दिवशी कार्यक्रम होता. नारळ, हार, भाषणं. मी निवृत्त झालो होतो तरी बोलावलं होतं. भाषणं संपल्यावर गावातला एक शेतकरी माझ्याजवळ आला. त्याचं रान गायरानाला लागून होतं आणि ओढ्याकडच्या बांधावर जुन्या, घेराच्या बाभळी होत्या. त्यांची साल काळी पडून भेगाळलेली होती. एकाच्या ढोलीत पोपट राहायचे. बन उगवायच्या कितीतरी आधीपासून त्या तिथं होत्या. पेरणीच्या वेळी आम्ही भाकरी त्यांच्याच सावलीत खायचो. माझ्या विद्यार्थिनीनं त्यातल्या एकदोनच झाडांची पानं घेतली होती. ती पानं साधी, संकर नसलेली निघाली म्हणून तिनं ती झाडं सोडून दिली.

"सर," तो म्हणाला, "आमच्या बांधावरच्या बाभळी ठिवायच्या का तोडायच्या? सोयाबीनला सावली पडायलीय. पण तुमी म्हणले ठिव, तर ठिवतो. तुमी जाणकार."

त्याच झाडांत इथल्या बाभळीचं खरं घराणं असण्याची शक्यता होती, हे त्या मांडवात मला एकट्याला ठाऊक होतं. आणि कोणी ती नीट तपासून बनाशी ताडून पाहिली असती तर बन परकं ठरलं असतं, हेही. त्या वेळी मी असा विचार केला का? शपथेवर सांगता येत नाही. उशीर झाला होता, गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"त्यात काही विशेष नाही," मी म्हणालो. "तोडा खुशाल."

पुढच्या वेळी एसटीतून जाताना ओढ्याच्या बाजूला आभाळ मोकळं दिसलं.

यंदाच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. ती आता स्वतः प्राध्यापक आहे, तिचे विद्यार्थी आहेत. म्हणाली, "सर, बनातल्या शेंगा गोळा करायला घेतल्यात. रोपं करून सगळ्या तालुक्यांत द्यायची, बांधावर, रस्त्याकडेला. आपल्या मातीतली बाभूळ आपल्या मातीत परत. तुम्ही यायचं, पहिलं बी तुमच्या हातानं."

मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. एका बनापुरतं खोटं कुंपणाच्या आत राहिलं होतं. बी जिल्हाभर गेलं, त्याची झाडं फुलावर आली, की आजूबाजूच्या उरल्यासुरल्या बाभळींत मिसळणार. दोन-तीन पिढ्यांनी इथलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे निवडणं कोणत्याही मार्करला जड जाईल. शोधायला मागं काही उरणारच नाही. हे तिच्या हातून होणार होतं आणि माझ्या हातानं सुरू व्हायचं होतं.

जिंतूरची एसटी पकडून गेलो. फोनवर सांगता आलं असतं. जमलं नाही.

थांब्यावर ती स्वतःची गाडी घेऊन आली होती. फाटकात तिनं मला हाताला धरून उतरवलं. केस पिकायला लागलेत तिचे. बायका शेंगा पोत्यांत भरत होत्या. शेजारी जाळी बांधून गावातल्या शेळ्या आत घातल्या होत्या आणि त्यांच्यापुढे शेंगांचा ढीग होता. ती उत्साहात मला तिकडं घेऊन गेली. टोपल्यातल्या लेंड्या ओंजळीत घेऊन माझ्यासमोर धरल्या.

"बघा सर. उकळतं पाणी नाही, ॲसिड नाही. जुनी पद्धत. आपले लोक बाभूळ अशीच लावायचे."

मी म्हणालो, "हो. मी हे बन असंच लावलं."

तिला आधी थट्टा वाटली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं ओंजळ हळूच टोपल्यात रिकामी केली. मी सगळं सांगितलं. धनगरांचा वाडा, पोती, फेसाटा. तिनं विचारलेला प्रश्न आणि माझं ओळींचं उत्तर. उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसायला सांगण्याचं तिला सुचलं नाही आणि मलाही नाही.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "मेंढ्या कुठून आल्या होत्या?"

"विचारलं नाही."

"कुठल्या रस्त्यानं?"

"माहीत नाही."

"सर, आठवा ना." ती म्हणाली. "शेंग खाल्ल्यावर बी पोटात फार तर आठवडाभर राहतं. त्या आठवड्यात कळप जेवढा चालला, तेवढ्यात कुठंतरी या झाडांच्या आया उभ्या असणार. कुठलं रान ते कळलं तर अजून काही बिघडलं नाही. संकर खराच आहे. जागा तेवढी चुकली आपली. तिथं जाऊन शोधता येईल."

"त्यांच्याजवळ घोडी होती," मी म्हणालो. "पाठीवर गोण्या होत्या."

"कशाच्या? शेंगांच्या?"

"असतील. संसाराच्या असतील."

"शेंगा गोणीत भरून आणल्या असतील तर मग कुठल्याही असू शकतात."

"हो."

तिनं डोळे मिटून घेतले. मी त्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. फेटा आठवला, त्याचं हसणं आठवलं. एक प्रश्न विचारायला तेव्हा एवढासा वेळ लागला असता. आता तो माणूस नाही, आणि त्या जाळीची जागाही मला दाखवता येणार नाही. झरीच्या बाजूला तो रस्ता रुंद झालाय.

बायकांकडं वळून ती म्हणाली, "थांबवा. शेंगा भरू नका. हे बी बाहेर नाही जाऊ द्यायचं. शेळ्याही आठवडाभर जाळीतच राहू द्या, चारा मी आणून देते."

"अगं बाई!" एक बाई उठून उभी राहिली. "सकाळपून हात चाळणीवाणी झालेत आमचे. कालच म्हणल्या, एकबी शेंग सोडू नका."

"काल मला माहीत नव्हतं, मावशी."

"मग आज कुणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ते माझ्या फार जिव्हारी लागलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बांधावर जुन्या बाभळी होत्या ना? ओढ्याकडच्या. मी दोनच घेतल्या होत्या. त्या परत करू. इथलं मूळ काय होतं, ते त्यांच्याकडून कळेल."

"तोडल्या."

"कधी? कुणी सांगितलं तोडायला?"

"मी."

बन लावलं हे सांगताना मला एवढं जड गेलं नव्हतं. तिनं पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली. मग म्हणाली, "चला." मला वाटलं परभणीला चला. ती शेताकडं निघाली.

तो शेतकरी गोठ्यात होता. आता तोही थकलाय, कानाला कमी ऐकू येतं. मी परत एकदा सगळं सांगितलं, या वेळी मोठ्यानं, त्यामुळे ते आणखी वाईट वाटलं. त्यानं ऐकून घेतलं. मग गोठ्याचं छप्पर पेलणाऱ्या मधल्या जाडजूड मेढीवर थाप मारली.

"ही काय तुमची बाभूळ. पोपटाची. निम्मी जळणाला गेली, हिची मेढ केली. कीड न्हाई लागली अजून."

तिनं मेढीवरून हात फिरवला. वाळलेल्या लाकडातून डीएनए निघणं फार अवघड, पण कधीकधी तुटक तुटक मिळतो, हे मला माहीत होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं गाडीतून नमुने घ्यायचं छोटं ड्रिल आणलं. टोक पुसलं, हातमोजे घातले. वरचा पापुद्रा काढून टाकला आणि आत ड्रिल घातलं. तांबूस भुसा पडायला लागला.

शेतकऱ्याची बायको दारात आली. "अवो, गोठा पडंल की!"

"पडू दे," तो म्हणाला. "तवा म्हणले कायी विशेष न्हाई त्याच्यात. आता त्यालाच भोकं पाडायला आलेत."

विद्यार्थिनी हसली. त्या दिवसातलं तिचं ते एकच हसणं. हात मोकळा नव्हता म्हणून तिनं माझ्याकडं न बघता कागदी पाकीट पुढं केलं. मी ते मेढीखाली धरलं. भुसा त्यात पडत राहिला. माझ्या हातातलं पाकीट एका बाजूला कललं. "हलवू नका सर," ती म्हणाली, पूर्वी मी तिला प्रयोगशाळेत म्हणायचो तसंच.

निघताना आम्ही बांधावरून आलो. जुन्या बुंध्यांच्या जागी गवत होतं आणि गवतात गुडघ्याएवढी काटेरी रोपं होती. बाभळीचीच. ती खाली बसली.

"ही कधीपासून?"

"दरसाल उगवत्यात," शेतकरी म्हणाला. "दरसाल उपटायलाव. लय चिवट जात."

बाभळीचं बी जमिनीत पुष्कळ वर्षं दम धरतं. ही रोपं त्या तोडलेल्या झाडांची मुलं असू शकतात. गायरानातून शेळ्यांनी आणून टाकलेलीही असू शकतात, कारण कुंपण यायच्या आधी शेळ्या रोज याच बांधावरून जायच्या. रोपाकडं बघून ते कळणार नाही. मेढीतून काही हाती लागलं तर दोन्ही ताडून बघता येईल. लागलं नाही, तर हेही तसंच राहील.

"मामा, यंदा ही उपटू नका," ती म्हणाली. "निकाल येईपर्यंत तरी."

त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांना सांगा, लेखी द्या म्हणावं. ह्यांचं तोंडी आमाला लय महागात पडतंय."

परभणीला मी तिच्याच गाडीतून निघालो. बोरी गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "जिथं जिथं ते छापलंय तिथं तिथं दुरुस्ती पाठवते मी. पाटी बदलायला सांगते. पण कसं लागलं, कोणी लावलं, हे तुम्ही लिहा. मी लिहिलं तर तुम्हाला सांभाळून लिहीन. तसं नको."

मी हो म्हणालो. तिनं मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं. गाडीतून उतरताना हात दिला नाही, पण मी दार नीट लावेपर्यंत थांबली.

लाकडाचा निकाल अजून आलेला नाही. मी विचारायला फोन करत नाही, करायचा हक्क राहिला आहे असं वाटत नाही. शेतकऱ्याला मात्र दोन ओळी लिहून पोस्टानं पाठवल्या, खाली सही केली: बांधावरची रोपं उपटू नयेत, त्या जागी पूर्वी तोडलेल्या बाभळी माझ्या सांगण्यावरून तोडल्या, तो सल्ला चुकीचा होता. त्याला वाचता येतं की नाही ते मला माहीत नाही. हेही मी विचारलं नव्हतं.